चिकोडीच्या माळावरचं दगडी कडं: टपाल विमानांची खूण असू शकते का?

गायरान_चिकोडी (प्रश्न)

चिकोडी तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानात, माळाच्या सपाट माथ्यावर दोन जुनी बांधकामं आहेत. गावात दोन्हीला मिळून ‘इमानाची खूण’, म्हणजे विमानाची खूण, म्हणतात.

पहिलं दगडी कडं. बाहेरून बाहेर व्यास 22 फूट. दगडांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये सव्वा फूट रुंदीचा चर, आता मातीने भरलेला. दगड जमिनीपासून 4 ते 6 इंच वर आलेत आणि आतल्या अंगाला पांढरा, कडक थर आहे. कड्याच्या मधोमध एका दगडात गोल खोबण आहे, साधारण 5 इंचांची.

दुसरा काँक्रीटचा चौथरा, कड्यापासून शंभरेक मीटरवर. 3 फूट बाय 3 फूट, चार कोपऱ्यांत गंजलेले बोल्ट.

टाटांची कराची–मद्रास टपालसेवा 1932 ला सुरू झाली आणि मुंबईनंतर विमान बळ्ळारीला उतरायचं, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. अमेरिकेत टपाल विमानांसाठी जमिनीवर काँक्रीटचे बाण केले होते आणि त्यांतले बरेच अजून टिकून आहेत. तसलंच काही इथे होतं का? पंचायतीत दोन ठराव चर्चेत आहेत: ‘1932 च्या हवाई टपालाची खूण’ असा फलक लावायचा, आणि कडं चुन्याने रंगवून काढायचं. त्याआधी काय काय तपासावं?

---

हवाई_शिक्के

रंगवायचं काम आधी थांबवा. जुन्या चुन्याचे थर हा तुमच्याकडचा मुख्य पुरावा आहे, नवा हात बसला की तो गेला. फलकाचं नंतर बघू.

आता मार्ग. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल पुढे बळ्ळारीला नेलं, रात्रीचा मुक्काम तिथे, आणि 16 तारखेला मद्रास. जुहू ते बळ्ळारी सरळ रेघ मारा. अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडं वर, दिशा जवळजवळ नेमकी आग्नेय. ही रेघ सातारा–कोरेगावच्या बाजूने उतरते, जत आणि अथणी यांच्या मधून जाते, बागलकोटाजवळ कृष्णा आणि घटप्रभा ओलांडते, पुढे मलप्रभा, मग कंपलीच्या बाजूला तुंगभद्रा, आणि बळ्ळारी.

अथणी ह्या रेघेपासून साधारण 17 किलोमीटरवर येतं. चिकोडी 75 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव शहर तर सव्वाशेच्या घरात. पस मॉथचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या जवळपास. 75 किलोमीटर बाजूला जाणं म्हणजे जाता-येता तासाभराचं पेट्रोल, तेही तीन आसनांच्या, 120 अश्वशक्तीच्या विमानात. त्यामुळे चिकोडीवरून नेमाने ये-जा होण्याचं कारण दिसत नाही. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं आणि टपालाचं ठाणं पुण्याला हलायचं. पुणे–बळ्ळारी रेघ तर विजयपूर आणि बागलकोट यांच्या मधून जाते, म्हणजे तुमच्यापासून आणखी लांब.

अमेरिकेतल्या बाणांबद्दल. ते केले गेले रात्रीच्या उड्डाणांसाठी उभारलेल्या दिव्यांच्या रांगेचा भाग म्हणून. 1 जुलै 1924 पासून तिथे रात्रंदिवस नियमित टपाल सुरू झालं. दर दहाएक मैलांवर 51 फुटी लोखंडी मनोरा, त्यावर 24 इंचांचा फिरता दिवा, आणि मनोऱ्याच्या पायाशी 50 ते 70 फूट लांबीचा पिवळा रंगवलेला काँक्रीटचा बाण. वीज नसेल तिथे बाणाच्या शेपटाशी जनरेटरची खोली, तिच्या छपरावर ठाण्याचा क्रमांक. मार्ग जिथे वळतो तिथे बाणही मधे वाकवलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच मनोऱ्यांचं लोखंड काढून नेलं, काँक्रीट मात्र जागेवर राहिलं. म्हणून आज बाण दिसतो आणि मनोरा दिसत नाही.

टाटांच्या सेवेत रात्रीचं उड्डाण नव्हतं, मुक्काम होता. विमानात रेडिओ नव्हता आणि वाटेत जमिनीवर दिशादर्शनाची कसलीही सोय नव्हती, हे जे. आर. डीं.नी स्वतः अनेकदा सांगितलंय. दिवसा उडणाऱ्याला खूण लागते ती जिथे निसर्गाने काहीच दिलेलं नाही तिथे. कैरो–बगदाद टपालासाठी 1921 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने वाळवंटात चक्क नांगराची चाकोरी ओढली, कारण तिथे शेकडो मैल ना नदी ना रूळ. आपल्याकडे त्याच रेघेवर चार मोठ्या नद्या आडव्या येतात, पुणे–मिरज आणि होटगी–गदग असे दोन लोहमार्ग आडवे जातात, आणि शेवटी गदग–होसपेट–बळ्ळारी लोहमार्ग उजव्या हाताला असतो. रेघ चुकली तर दक्षिणेला सरकून तो रूळ धरायचा आणि बळ्ळारी गाठायची. नकाशा आणि होकायंत्र घेऊन उडणाऱ्याला एवढं भरपूर होतं.

एक काळजी घ्या. हे सगळं उपग्रह नकाशावर बघताना आजची धरणं मनातून पुसा. अलमट्टी, हिडकल, तुंगभद्रा ही सगळी नंतरची. 1932 चा वैमानिक बागलकोटाजवळ अरुंद पात्र बघत होता, आजचा फुगवटा नव्हे.

---

साखळी_टेप

मार्गाचं वरती नीट आलंय. मी फक्त जमिनीवरच्या मोजमापाचं सांगतो.

पहिली कसोटी आकाराची. साध्या चांगल्या डोळ्याला एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा कळतो. एक किलोमीटर अंतरावर तो 29 सेंटिमीटर होतो. विमान 2000 फुटांवर आहे आणि वैमानिक समोर 30 अंश खाली बघतोय, असं धरा. तिरकं अंतर सव्वा किलोमीटर, म्हणजे किमान 35 सेंटिमीटर. शिवाय तिरकं बघितल्यामुळे जमिनीवरची लांबी त्या दिशेने निम्मीच दिसते. तुमचा चर सव्वा फूट, म्हणजे 38 सेंटिमीटर. पांढरं ठिपक्यासारखं काहीतरी दिसेल, पण ते कडं आहे हे वरून ओळखता येणार नाही. ओळखू येईल अशा खुणेचा पट्टा निदान मीटरभर रुंद लागतो आणि अक्षरं पाच-सहा मीटरच्या खाली चालत नाहीत. अमेरिकेतले बाण 50 फुटांच्या पुढे का, त्याचं उत्तर ह्यातच आहे.

दुसरी कसोटी उंचीची, आणि माझ्या मते हीच निर्णायक. उतरण्याच्या मैदानावर ब्रिटिश पद्धतीत मध्यभागी पांढरं वर्तुळ, सीमेच्या कोपऱ्यांवर काटकोनी खुणा आणि मैदानाचं नाव असायचं. पण हे सगळं जमिनीच्या पातळीत. उथळ चर खणायचा, फोडलेला दगड किंवा खडू भरायचा, धुमसाने ठोकायचा, वरून चुना. विमानाचं चाक त्याच्यावरून धावतं, म्हणून त्यात एक दगडही वर राहता कामा नये. 4 ते 6 इंच वर आलेली दगडी रांग मैदानात असती तर पहिल्याच विमानाचा चाकांचा सांगाडा मोडला असता.

तरी मोजणी पूर्ण करा, पुढे कोणीही विचारलं तर कागद हाताशी असावा. मधल्या खोबणीत खुंटी ठोकू नका. तीन काठ्यांचा तिकाटणा उभा करून ओळंबा खोबणीच्या मध्यावर सोडा. तिथून आठ दिशांना टेप धरून आतली आणि बाहेरची त्रिज्या घ्या. फरक दोन-तीन इंचांच्या आत असेल तर कडं दोरीने आखलेलं आहे. चराच्या एका जागी, जिथे आधीच माती सुटलीये तिथेच, तळ लागेपर्यंत सळई हलकेच दाबून खोली बघा. खणायचं नाही.

होकायंत्राबद्दल: आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एखाद्या अंशाचाच आहे, तो सोडून दिला तरी चालेल. पण काळ्या दगडाच्या माथ्यावर, विशेषतः जिथे वीज पडलेली असते तिथे, दगड स्वतःच चुंबक बनलेला असतो आणि सुई पाच-दहा अंशांनीही भरकटते. होकायंत्र दगडावर ठेवू नका, छातीच्या उंचीवर धरा, आणि प्रत्येक ओळीचं माप दोन्ही टोकांवरून घ्या. दोन वाचनांत 180 अंशांचा फरक आला नाही तर ती जागा सोडा.

चौथऱ्याचं: बोल्टचा व्यास आणि आट्यांचं अंतर मोजून इथे टाका. कसं मोजायचं तेही सांगतो. तारेच्या ब्रशने गंज काढा, आट्यांवर कागद दाबून पेन्सिल घासा, आणि कागदावर दहा आट्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून दहाने भागा. जुना इंची अर्धा इंच बोल्ट 12.7 मिलिमीटर जाडीचा, इंचात 12 आटे, म्हणजे अंतर 2.1. पाच अष्टमांश इंच असेल तर 15.9 जाडी, 11 आटे, अंतर 2.3. मेट्रिकमध्ये 12 च्या बोल्टला 1.75 आणि 16 च्या बोल्टला 2.0. पाऊण इंच आणि 20 मिलिमीटर यांचे आटे मात्र जवळजवळ सारखे असतात, तिथे जाडी बघूनच ठरवावं लागतं. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, म्हणजे मेट्रिक बोल्ट निघाला की 1932 चा विषय संपला.

आणि चौथऱ्याच्या भोवती फिरा. तीन किंवा चार दिशांना, केंद्रापासून सारख्या अंतरावर, जमिनीत काँक्रीटचे ठोकळे किंवा लोखंडी डोळे गाडलेले आहेत का बघा.

---

गायरान_चिकोडी

मोजणी झाली. मधल्या खोबणीपासून आतली त्रिज्या आठही दिशांना 9 फूट 8 इंच ते 9 फूट 10 इंच. चर दीड फूट खोल, तळाला फरशीसारखे घट्ट बसवलेले दगड. तळाच्या मधल्या पट्ट्यात दगड गुळगुळीत झिजलेत.

बोल्ट: साफ करून जाडी 15.8 ते 16 मिलिमीटर. दहा आटे 20 मिलिमीटर. चौथऱ्याच्या तुटलेल्या कडेतून सळई दिसते, ती पिळलेली आहे. भोवती तीन ठोकळे सापडले, तिन्ही 31 मीटरवर, एकमेकांशी 120 अंशांवर, प्रत्येकात लोखंडी कडी.

पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं तर फसफसतं. आत गुलाबीसर चुरा आहे.

---

साखळी_टेप

चौथरा निकालात निघाला. जाडी दोन्हीकडे चालली असती, पण आट्यांचं अंतर नेमकं 2.0 म्हणजे 16 चा मेट्रिक. पिळलेली सळईही आपल्याकडे 1960 नंतरची. तीन बाजूंच्या कड्या म्हणजे तारांनी ताणलेला उंच खांब, आणि माळाच्या माथ्यावर असा खांब बहुतेक वेळा वाऱ्याचा वेग मोजायला उभा करतात. पवनचक्क्या लावण्याआधी अशी मोजणी वर्ष-दोन वर्षं चालते, मग खांब उतरवतात आणि पाया राहतो. अमेरिकेतल्या दिव्यांच्या मनोऱ्याला चार पायांखाली चार वेगळे ठोकळे असायचे, मध्ये एक चौथरा नव्हे.

---

कळीचा_चुना_गोकाक

हे कडं म्हणजे चुन्याची घाणी आहे, तुमच्या मापांनंतर शंका राहत नाही.

चुन्याच्या घाणीचा चर साधारण फूट-दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल, व्यास वीस ते पंचवीस फूट. मधल्या खोबणीत खुंट, खुंटाला आडवं लाकूड, लाकडात ओवलेलं तीन-चार फुटी दगडी चाक, आणि बाहेरच्या टोकाला बैल नाहीतर रेडा. चरात विझवलेला चुना, वाळू आणि सुर्खी घालून चाक फिरवत राहायचं. तळाच्या दगडांची झीज मधल्या पट्ट्यातच आहे, कारण चाक तिथूनच जातं. गुलाबीसर चुरा ही सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. रंगवण्याच्या चुन्यात सुर्खी कोणी घालत नाही. वरून दिसावी म्हणून केलेल्या खुणेत ती असण्याचं काहीच कारण नाही.

लिंबाच्या चाचणीवर एकट्याने विसंबू नका मात्र. जुनं सिमेंट काँक्रीटही फसफसतं आणि आपल्या काळ्या रानातली चुनखडीही फसफसते. लोखंडी खिळ्याने ओरखडा: चुन्याचा गारा खिळ्याने पडतो, खडी घातलेलं सिमेंट पडत नाही.

सरहद्दीच्या ह्या पट्ट्यात घाणी आणि खळं यांत फार घोळ होतो, म्हणून तेही सांगतो. खळ्यालाही मधे तिवड्याचं, म्हणजे बैल बांधायच्या खांबाचं, भोक असतं आणि कडेने दगड असतात, पण चर नसतो. सगळी जमीन चोपून शेणाने सारवलेली. अथणी–रायबागकडच्या कोरड्या माळांवर जुनी खळी उपग्रह चित्रात हुबेहूब पांढरी वर्तुळं दिसतात, सुगीनंतर तर जास्तच.

घाणी माळावर एकटी नसते. आसपास अर्ध्या किलोमीटरात चुनाभट्टीचा खड्डा, भाजून काळा-तांबडा पडलेला दगड आणि चुनखडीचा ढीग शोधा. चाक बहुतेक वेळा कोणीतरी उचलून नेलेलं असतं. गावातल्या देवळासमोर, पारावर नाहीतर विहिरीच्या काठावर मधे भोक असलेलं दगडी चाक पडलेलं असेल तर त्याची जाडी मोजा. चराच्या रुंदीहून चार-पाच बोटं कमी असेल तर ते इथलंच. मग प्रश्न उरतो तो घाणी कशासाठी बसवली ह्याचा. एवढ्या मापाची घाणी एका घरासाठी कोणी बसवत नाही. जवळ जुना पूल, बंधारा, देऊळ, वाडा किंवा सरकारी बंगला आहे का बघा, त्याच्या सांध्यातला गारा आणि इथला चुरा शेजारी ठेवून रंग आणि वाळूचा दाणा ताडून बघा.

---

पुराभिलेख_करवीर

कागदपत्रांचं थोडक्यात. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता. त्यामुळे सरकारने कुठे उतरण्याच्या मैदानासाठी जमीन घेतली असेल तर त्याचा माग बेंगळुरूपेक्षा मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि मुंबई सरकारच्या राजपत्रात लागण्याची शक्यता जास्त. गाव जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग किंवा सांगली ह्यांपैकी कुठल्या संस्थानात होतं का, हे आधी ठरवा. तसं असेल तर दप्तर वेगळीकडे. ह्या भागात शेजारशेजारच्या दोन गावांचे राज्यकर्ते वेगळे असायचे, अंदाजाने जाऊ नका.

तालुक्यात जुना गावनकाशा, आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि त्या सर्व्हे नंबरचे जुने उतारे मागा. मैदानासाठी घेतलेल्या जमिनीचा तुकडा पडतो आणि आकार बदलतो, तो आकारबंदात दिसतो. सलग गायरान असंच चालत आलं असेल तर तिथे सरकारी काम झालं नव्हतं.

नकाशांमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रकं बघा. चिकोडी 47 एल मध्ये येतं, अथणी 47 पी मध्ये, बेळगाव 48 आय मध्ये. अमेरिकी लष्कराची 1:250,000 प्रमाणाची यू-502 मालिका इंटरनेटवर फुकट मिळते, तिच्यात ती छापली तेव्हाची विमानतळं आणि उतरण्याची मैदानं वेगळ्या खुणेने दाखवलेली आहेत.

---

गायरान_चिकोडी

सगळ्यांचे आभार. फलकाचा ठराव मागे घ्यायला सांगतो. पण मग ह्या भागात हवाई टपालाच्या किंवा जुन्या विमानांच्या काळातलं काही शोधायचंच असेल तर कुठे बघावं?

---

साखळी_टेप

दोन जागा. पहिली जत आणि अथणी यांच्यामधला पट्टा, रेघेच्या दोन्ही बाजूंना वीसेक किलोमीटर. तिथे बाण शोधू नका. सापडलं तर इंजिन बिघडल्यावर उतरता येईल असं मैदान सापडेल: पाच-सहाशे मीटर सपाट मोकळी जागा, आणि जमिनीच्या पातळीतला गोल किंवा कोपऱ्यांतल्या काटकोनी खुणा. फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांतली जुनी उपग्रह चित्रं लावा, गवत वाळलेलं असतं आणि ठोकलेल्या चराचा पट्टा रंगाने वेगळा दिसतो. माळ नांगरला गेला असेल तर काही उरत नाही, आणि त्या पट्ट्यात ऊस आल्यापासून पुष्कळ माळ नांगरले गेलेत.

दुसरी बेळगावजवळचा सांबरा विमानतळ. तो तळ 1942 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने केला, म्हणजे टपालाच्या पहिल्या दिवसांचा नव्हे, युद्धाचा. आज तिथे हवाई दल आहे, त्यामुळे कुंपणाजवळ फोटो काढणं किंवा ड्रोन उडवणं पूर्ण वर्ज्य. ड्रोन कुठेही उडवण्याआधी डिजिटल स्काय ह्या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघूनच पुढे जा.

शोधताना तीन गोष्टी फसवतील. खडकावर कोरलेलं वर्तुळ आणि मधे ठिपका ही त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण. ‘जी.टी.एस. बी.एम.’ अशी रोमन अक्षरं कोरलेला दगड हा उंचीचा. दोन्ही सरकारी आहेत, हलवणं किंवा खरवडणं गुन्हा आहे. आणि कातळावर पांढऱ्या रंगाने काढलेली ताजी अधिक खूण दिसली तर ती गावठाणाच्या ड्रोन मोजणीची किंवा रस्त्याच्या सर्वेक्षणाची.

---

कळीचा_चुना_गोकाक

फलक मागे घ्यायची गरज नाही, मजकूर बदला. ‘चुन्याची घाणी, व्यास 22 फूट’ आणि ज्या इमारतीचा गारा जुळेल तिचं नाव. चरातली माती काढायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याच्या धारवाडच्या कार्यालयाला लेखी कळवा, आणि पाऊस लागण्याआधी काम उरका. तळाचा दगड उघडा राहून पाणी साचलं तर सांध्यातला चुना एका पावसाळ्यात सुटतो. पाणी जायला उताराच्या बाजूला बाहेरून चर काढा, कड्याचा एकही दगड न हलवता.